पाटीवरचे नाव, उताऱ्यावरचे नाव

गोव्याचे विमानाचे तिकीट काढताना हल्ली एक गोष्ट दोनदा बघून घ्यावी लागते: उतरायचे आहे दाबोळीला की मोपाला? दाबोळी वास्कोच्या कुशीत, मोपा पार उत्तरेला पेडणे तालुक्यात. दोहोंत साठेक किलोमीटरचे अंतर आणि मध्ये जुवारी, मांडवी, शापोरा अशा तीन नद्या. पाहुणा एकीकडे आणि त्याला न्यायला आलेला भाचा दुसरीकडे, असे प्रसंग गोव्यातल्या घराघरांत घडून गेलेत.

मोपाच्या विमानतळाला नाव आहे, मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. दाबोळीला नाव नाही, असे आपण समजतो. पण तेही होते. पोर्तुगिजांनी १९५५ साली हा विमानतळ सुरू केला तेव्हा त्याला जनरल बेनार्ड गेदिश यांचे नाव दिले. हे गृहस्थ त्या वेळचे गव्हर्नर जनरल. माणूस खुर्चीवर असतानाच त्याचे नाव धावपट्टीला. सहा वर्षांनी, १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी त्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. धावपट्टी दुरुस्त झाली, नावाची दुरुस्ती कोणी केली नाही. ते कोणी काढून टाकल्याचा गाजावाजा झाला नाही, बदलावे म्हणून मोर्चा निघाला नाही. आज वास्कोच्या बाजारात बेनार्ड गेदिश कोण म्हणून विचारलेत तर लोक तुम्हाला एखाद्या पावाच्या भट्टीचा पत्ता सांगतील.

थोर माणसांच्या मागे काय उरते हे पाहायला गोव्यासारखी जागा नाही. कदंब, विजयनगर, आदिलशाही, मराठे, सावंतवाडीकर भोसले, पोर्तुगीज आणि नंतर भारतीय लोकशाही, सगळ्यांनी इथे नावे ठेवली, पाट्या लावल्या. या प्रकरणात आपण वास्कोहून निघून डिचोली आणि पेडणे असा फेरफटका मारणार आहोत. वाटेत भेटणाऱ्यांपैकी काही जण पाटीवर आहेत, काही पाटीवर कुठेच नाहीत. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. पाटी लावतात ती मागाहून आलेली माणसे, स्वतःच्या गरजेसाठी. खरा वारसा शोधायचा तर कायद्यात, जमिनीच्या उताऱ्यात, शाळेच्या हजेरीपटावर आणि तालुक्याच्या हद्दीवर शोधावा.

आधी वास्को. हे शहर ज्याच्या नावाने ओळखले जाते त्या वास्को द गामाचा ते वसवण्यात काडीचाही हात नाही. गामा २० मे १४९८ रोजी कालिकतजवळ काप्पाडच्या किनाऱ्याला लागला. गोवा घेतला तो अफोंसो द अल्बुकर्कने, १५१० साली, आदिलशाहीकडून. गामा तेव्हा पोर्तुगालात होता. तो व्हाइसरॉय म्हणून गोव्यात आला १५२४च्या सप्टेंबरात आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला कोचीत वारला. म्हणजे त्याचा सगळा अंमल जेमतेम तीन महिन्यांचा. कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याला पुरले, १५३९ साली अस्थी पोर्तुगालला गेल्या, आणि १८८० साली मोठ्या समारंभाने लिस्बनच्या जेरोनिमोस मठात हलवल्या.

हे १८८० साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ब्राझील हातचे गेलेले, आफ्रिकेत इंग्रज वरचढ झालेले, आणि अशा पडत्या काळात पोर्तुगाल आपल्या जुन्या दर्यावर्द्यांच्या आठवणी काढत बसला होता. त्याच सुमारास इकडे मुरगावच्या भूशिरावर कामाची धांदल उडालेली. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला, बंदर बांधायचे ठरले, आणि कॅसलरॉकपर्यंत घाट चढून जाणारा लोहमार्ग १८८८च्या सुमारास पुरा झाला. भांडवल इंग्रजांचे. बंदर आणि आगगाडी यांच्या आधाराने जी वस्ती फोफावली ती आजचे वास्को. गामाची पुण्याई त्या शहराला फारशी कामी आली नाही, रेल्वेच्या रुळांची आली.

मुरगावच्या या किनाऱ्यावर एका वेगळ्याच माणसाची सावली दोनशे वर्षे आधी पडली होती. १६८३च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांनी जुवे बेटावरचा किल्ला रातोरात घेतला. राजधानी गोवा शहर तिथून हाकेच्या अंतरावर. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर स्वतः सैन्य घेऊन गेला आणि जखमी होऊन परतला. शहराची इतकी तारांबळ उडाली की व्हाइसरॉयने संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडून आपली सत्तेची छडी त्यांच्या पायाशी ठेवली. मोगलांची फौज पाठीवर आल्यामुळे संभाजी महाराजांना माघारी फिरावे लागले. पण धसका गेला नाही. राजधानी इथे सुरक्षित नाही, ती मुरगावला हलवावी असा घाट त्याच व्हाइसरॉयने घातला. तिथे बांधकामे सुरू झाली, रखडली, पुन्हा सुरू झाली आणि अखेर अठराव्या शतकाच्या आरंभी तो नाद सोडून दिला गेला.

गोवा मुक्त झाल्यावर वास्कोचे नाव बदलून संभाजी ठेवावे, अशी मागणी अधूनमधून होत राहिली. ती तडीस गेली नाही. गंमत म्हणजे नावाचा आग्रह धरणारे आणि त्याला विरोध करणारे, दोघांच्याही बोलण्यात हा आल्व्होरचा धसका क्वचितच येतो. मुरगावात राजधानीसाठी बांधकामे उभी राहायला कारण झाले ते संभाजी महाराज, एवढे तरी मान्य करायला हरकत नसावी.

लोकांनी मात्र या वादातून स्वतःपुरती वाट काढली. त्यांनी ‘द गामा’ टाकून दिले आणि नुसते ‘वास्को’ ठेवले. दर्यावर्दी गेला, राहिले एक बसथांब्याचे नाव. त्या शहराचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस कोणत्या पोर्तुगिजाचा नाही, दामोदराचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साथ आली तेव्हा गावकरी जांबावलीच्या दामोदराला शरण गेले, तिथला नारळ आणून वास्कोत ठेवला आणि चोवीस तास अखंड भजन केले. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारा तो भजनी सप्ताह आजही चालतो. नाव सप्ताह, पण भजन एका दिवस-रात्रीचे, आणि त्यासाठी पेडण्या-डिचोलीचेही लोक वास्कोला लोटतात.

गामाच्या नावाशी इतिहासाने शेवटी एक थट्टा केली ती सांगून पुढे जाऊ. १८ डिसेंबर १९६१ला मुरगाव बंदराबाहेर पोर्तुगालची गोव्यातली एकमेव मोठी युद्धनौका भारतीय नौदलाशी लढली आणि मार खाऊन बांबोळीच्या किनाऱ्याला रुतली. तिचे नाव ‘अफोंसो द अल्बुकर्क’. दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठच्या सुमारास गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली, मोटारीच्या दिव्यांच्या उजेडात. गाव वास्को द गामा. ४५१ वर्षांच्या सत्तेचा शेवट तिच्या दोन मूळपुरुषांच्या नावांमध्ये झाला.

शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा सालाझारचा हुकूम होता. व्हासालु इ सिल्व्हांनी तो पाळला नाही. त्यामुळे पणजी, मडगाव, वास्को ही शहरे शाबूत राहिली आणि हजारो माणसे वाचली. पोर्तुगालात त्यांना सैन्यातून काढून टाकले, सालाझारची राजवट संपल्यावर १९७४ साली परत घेतले. १९८० साली ते गोव्यात आले तेव्हा लोकांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले. त्यांच्या नावाने गोव्यात काही नाही. पण एक हुकूम मोडून माणूस केवढे मागे ठेवून जाऊ शकतो, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आता जुवारी आणि मांडवी ओलांडून उत्तरेला जाऊ. पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे तालुके पोर्तुगिजांकडे फार उशिरा आले. तिसवाडी, बार्देस, सासष्टी या ‘जुन्या काबिजादी’ सोळाव्या शतकातल्या. इकडच्या ‘नव्या काबिजादी’ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या. डिचोली आणि सत्तरी १७८०च्या दशकाच्या आरंभी गेली. सावंतवाडीच्या खेम सावंत भोसल्यांना कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी होती, त्या सौद्यात १७८८च्या तहाने पेडण्यावरही शिक्कामोर्तब झाले. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. देवळांना आणि रीतिरिवाजांना हात लावणार नाही, असे नव्या मुलखाला वचन देणे पोर्तुगिजांना भाग पडले. पेडण्यात आज भजन, दशावतार आणि मराठी का टिकून आहे याचे उत्तर अर्धेअधिक या तारखांमध्ये आहे. दोनशे-अडीचशे वर्षांचा उशीर, हादेखील कोणाचा तरी वारसाच. तो कोणाच्या खाती मांडायचा ते मात्र सांगता येत नाही. भोसल्यांच्या मांडायचा, की त्यांच्या भांडणांच्या?

पेडणे तालुक्यात नदीकाठी हळर्ण नावाचे गाव आहे आणि तिथे एक पडका किल्ला. भोसल्यांकडचा हा किल्ला १७४६च्या मे महिन्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रो मिगेल द आल्मेदा याने जिंकला. त्याच मोहिमेत त्याने तेरेखोलही घेतला. पोर्तुगालच्या राजाला इतका आनंद झाला की त्याला ‘मार्केस द अलोर्ना’ असा किताब दिला. अलोर्ना म्हणजे आपले हळर्ण.

एरवी परदेशी माणसाचे नाव आपल्या गावाला लागते, इथे आपल्या गावाचे नाव परदेशी घराण्याला लागले. पुढची गोष्ट त्याहून रंजक. या मार्केसची नात लिओनोर लहानपणीच राजकीय सूडापायी आईबरोबर एका मठात कोंडली गेली आणि अठराएक वर्षे तिथे राहिली. तिथेच ती लिहायला लागली. पोर्तुगीज साहित्यात ती ‘मार्केझा द अलोर्ना’ या नावाने ओळखली जाते आणि तिकडच्या वाङ्मयाच्या इतिहासात तिला मानाचे पान आहे. लिस्बनजवळ आल्मेरिंला या घराण्याचा द्राक्षमळा होता, त्याची वाइन आजही ‘अलोर्ना’च्या नावाने बाजारात येते. हळर्णच्या शेतकऱ्याला हे माहीत असायचे कारण नाही, आणि ती बाटली फोडणाऱ्यालाही हळर्ण माहीत नाही.

याच मार्केसची दुसरी देणगी नकाशात आहे. तेरेखोल किल्ला नदीच्या उत्तर काठावर, म्हणजे सिंधुदुर्गाच्या अंगाला चिकटलेला, तरी तो गोव्यात. केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडावी लागते. एका व्हाइसरॉयने एक किल्ला घेतला म्हणून पावणेतीनशे वर्षांनंतरही काही कुटुंबांचे रेशनकार्ड एका राज्याचे आणि घरामागचा रस्ता दुसऱ्या राज्याचा. या किल्ल्यावर १५ ऑगस्ट १९५४ला आल्फ्रेद आफोंसो यांच्या सत्याग्रही तुकडीने तिरंगा चढवला. पुढच्या वर्षी त्याच दिवशी पेडण्याच्या दुसऱ्या टोकाला, पत्रादेवीच्या हद्दीवर पोर्तुगीज शिपायांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. पडलेल्यांत करनैल सिंग बेनिपाल हे पंजाबातल्या इसरू गावचे तरुण शिक्षक होते. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकावरून रोज शेकडो ट्रक जातात. कुठला कोण पंजाबी मास्तर, त्याने पेडण्याच्या मातीत रक्त सांडावे, हे आठवायला ती जागा एकदा तरी उतरून पाहावी.

डिचोलीत दोन वास्तू आहेत, आणि त्या जवळजवळ एकाच काळातल्या. एक नार्व्याचे सप्तकोटेश्वर मंदिर. हा कदंब राजांचा देव, मुळचा दिवाडी बेटावरचा. बहमनी फौजांनी देऊळ पाडले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारले, पोर्तुगिजांनी पुन्हा पाडले. लिंग नदीपलीकडे नार्व्याला आणून ठेवले गेले. तिथे शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवळाचे काम सुरू झाल्याचा शिलालेख आहे, शके १५९०चा, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८चा. या शिलालेखातला एक शब्द मला फार आवडतो. तिथे देऊळ बांधले असे म्हटलेले नाही, ‘प्रारंभ’ झाला असे म्हटले आहे. काम संपायच्या आत फीत कापण्याच्या आजच्या घाईत हा प्रामाणिकपणा उठून दिसतो. २०२३च्या फेब्रुवारीत जीर्णोद्धार होऊन देऊळ नव्याने खुले झाले.

दुसरी वास्तू डिचोली शहराजवळच्या टेकडीवरची नमाजगा. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला आणि काही काळ डिचोली परिसरात राहिला, त्याची ही खूण मानतात. अकबराची स्वप्ने विरली, १६८७च्या सुमारास तो जहाजाने इराणकडे निघून गेला. दिल्लीच्या तख्तावर डोळा असलेल्या शहजाद्याचा ठावठिकाणा शोधायला डिचोलीला यावे लागते, ही इतिहासाची उदारता म्हणायची की विक्षिप्तपणा?

वास्को आणि डिचोली यांना जोडणारा एक लाल धागा आहे, तो म्हणजे खनिजाचा. डिचोलीच्या शिरगाव, पिळगाव, मये भागातली लोहखनिजाची माती बार्जमध्ये भरून मांडवीतून मुरगाव बंदराकडे जायची. पोर्तुगिजांनी खाणींच्या ‘कन्सेशन’ दिल्या त्या जवळजवळ कायमच्या. गोवा मुक्त झाला १९६१ला आणि त्या कन्सेशन रद्द होऊन त्यांचे साध्या भाडेपट्ट्यांत रूपांतर झाले १९८७च्या कायद्याने. मधली सव्वीस वर्षे राज्य भारताचे आणि खाणीचा कागद लिस्बनचा. पुढे २०१८च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हा डिचोलीच्या रस्त्यांवरचे ट्रक उभे राहिले. शेतात उतरलेला खाणीचा गाळ मात्र कोणत्या निकालाने गेला नाही.

मयेची गोष्ट आणखी वेगळी. तळ्यासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव पोर्तुगीज राजाने एका सरदार घराण्याला दिलेली जागीर होती. त्या घराण्याला ‘काउंट ऑफ मये’ म्हणत. १९६१नंतर मालक निघून गेले आणि जमीन ‘निर्वासितांची मालमत्ता’ म्हणून सरकारी कस्टोडियनकडे आली. गावकरी पिढ्यान् पिढ्या त्याच घरांत राहिले, त्याच कुळागरांत राबले, पण घराचे छप्पर दुरुस्त करायचे तरी परवानगीची पायपीट. २०१४ साली मालकी संपवणारा कायदा झाला आणि त्यानंतर काही वर्षांनी लोकांच्या हाती सनदा पडू लागल्या. ज्या राजाने ती जागीर दिली त्याचे नाव मयेत कोणाला ठाऊक नसेल. त्याच्या एका सहीचा ताप कित्येक पिढ्या टिकला.

सहीवरून आठवले. गोव्यात लग्न दोनदा सह्या करून होते. वधूवर सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन आधी इरादा नोंदवतात, मग काही दिवसांनी पुन्हा जाऊन सही करतात. अक्षता पडल्या तरी या सह्यांशिवाय कायद्याच्या लेखी लग्न अपुरे. याच्या मुळाशी आहे १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता. ती लिहिणारे कायदेपंडित आंतोनियु लुईस द सेआब्रा. गोव्यात ती १ जुलै १८७०पासून लागू झाली. खुद्द पोर्तुगालने १९६०च्या दशकात नवी संहिता आणून सेआब्रांना निवृत्त केले. गोव्यात १९६२च्या कायद्याने जुने कायदे चालू राहिले, त्यामुळे सेआब्रा इथे नोकरीत कायम. वारसाहक्काचा भाग अलीकडे गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला, तरी गाभा तोच.

तो गाभा काय? लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र होते आणि दोघांचा त्यात निम्मा-निम्मा वाटा राहतो. नवऱ्याला घर विकायचे तर बायकोची सही लागते. मृत्युपत्राने सगळे एकाच मुलाला देता येत नाही, निम्मी मिळकत सक्तीच्या वारसांसाठी राखीव, आणि त्यांत मुलगे-मुली सारखे. पेडण्याची एखादी आजी, जिने लिस्बन नकाशातही पाहिले नाही, ‘माझी सही झाल्याशिवाय बागायत विकायची नाही’ असे मुलांना ठणकावते तेव्हा तिच्या तोंडून सेआब्रा बोलत असतात. व्यवहारात बहिणींकडून हक्कसोड लिहून घेण्याची पळवाट इथेही आहे, हे खरे. तरी ती लिहून घ्यावी लागते, यातच कायद्याची ताकद दिसते. सेआब्रांच्या नावाचा रस्ता वास्कोत नाही, पेडण्यात नाही. तरी गामा आणि अल्बुकर्क मिळून जेवढे गोव्याच्या घरात शिरले नाहीत तेवढा हा एकटा कायदेपंडित शिरला.

आता भाऊ. दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांना उभा गोवा भाऊसाहेब म्हणतो, आणि पेडण्यात नुसते भाऊ म्हटले तरी भागते. जन्म १२ मार्च १९११, पेडणे. गोमंतक मराठा समाजातले, परिस्थिती बेताची. छोट्या धंद्यांतून वर येत ते खाणमालक झाले. पैसा आला तसा तो शाळांना आणि गरजूंना जाऊ लागला, राजकारणात पडायच्या आधीपासून. १९६३ साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उभा राहिला. डिसेंबरात पहिली निवडणूक झाली, ‘मगो’ने मित्रांसह विधानसभेतल्या तीसपैकी सोळा जागा जिंकल्या आणि २० डिसेंबर १९६३ला भाऊ गोवा, दमण आणि दीवचे पहिले मुख्यमंत्री झाले. गोव्याचे राजकारण ज्या मोजक्या उच्चवर्णीय घराण्यांच्या ओसरीवर चालायचे, तिथे बहुजन समाजाचा माणूस सचिवालयात जाऊन बसला. याचा अर्थ त्या वेळी सर्वांत आधी शेतातल्या कुळाला कळला.

भाऊंचे सर्वांत मोठे राजकीय ध्येय पुरे झाले नाही. त्यांना गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा होता. १६ जानेवारी १९६७ला जनमत कौल झाला. तो निष्पक्ष व्हावा म्हणून आधीच्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला होता. संघप्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा हा पट्टा विलीनीकरणाकडे झुकलेला, पण एवढ्यावर भागणारे नव्हते. एखाद्याचे राजकारण इथेच संपले असते. दोन-अडीच महिन्यांत निवडणूक झाली आणि ज्या मतदारांनी विलीनीकरण नाकारले होते त्यांनीच भाऊंना पुन्हा मुख्यमंत्री केले. तुमची गोष्ट पटत नाही, माणूस मात्र हवा, असा निकाल भारतीय राजकारणात फारसा सापडत नाही.

मला वाटते, त्या पराभवाने भाऊंचे भलेच केले. विलीन झालेल्या गोव्यात ते महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळातले एक जिल्हानेते ठरले असते. वेगळ्या राहिलेल्या गोव्यात त्यांना स्वतःची छाप सोडायला सहा वर्षे आणखी मिळाली. आणि ज्यांनी कौलात त्यांचा पाडाव केला त्या जॅक सिक्वेरांचाही वारसा त्याच तारखेत आहे. १९८७ साली गोवा घटकराज्य झाला तो सिक्वेरांच्या विजयामुळे. त्याच वर्षी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला कारभारात स्थान राहिले. दोघांचे अनुयायी अजून भांडतात, पण आजचा गोवा दोघांनी मिळून घडवला आहे. एकाने चौकट दिली, दुसऱ्याने आतले घर.

आतले घर म्हणजे काय, ते पाहू. पहिली गोष्ट शाळा. पोर्तुगीज अमदानीत खेड्यातल्या मुलाने शिकायचे तर पोर्तुगीज शाळा तरी गाठायची किंवा शेणवी मामाच्या, म्हणजे गावच्या मराठी पंतोजीच्या, खाजगी शाळेत जायचे. १९६१च्या जनगणनेत शंभरातले जेमतेम एकतीस लोक साक्षर होते. भाऊंच्या सरकारने वाड्यावाड्यांवर मराठी प्राथमिक शाळा काढल्या. इमारत नसेल तर देवळाच्या मंडपात, कोणाच्या पडवीत. दहा वर्षांत साक्षरता पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास गेली. पेडणे-डिचोलीतली आजची पन्नाशी-साठीतली जी पिढी कारकून, शिक्षक, नर्स, अभियंता म्हणून वास्को-पणजीला नोकरी करून गेली तिने पाटी-पेन्सिल धरली ती या शाळांत. आज त्यांतल्या कित्येक शाळा पटसंख्येअभावी बंद पडत आहेत. त्या शाळांत शिकलेल्या आईबापांनीच मुलांना इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवले आहे. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार निदान माझ्यासारख्याला नाही.

दुसरी गोष्ट जमीन. गोव्यात भाटकार म्हणजे जमीनमालक, कूळ म्हणजे त्याची जमीन कसणारा, आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जागेत घर बांधून राहणारा. मुंडकाराने भाटकाराच्या घरी राबायचे, हुकूम मोडला तर एका रात्रीत घर खाली. १९६४ साली भाऊंनी कूळ कायदा आणला. खंडावर मर्यादा आली आणि कुळाला हुसकावणे कठीण झाले. १२ ऑगस्ट १९७३ला भाऊ मुख्यमंत्रिपदावर असतानाच वारले. पुढचे काम त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर यांनी मुख्यमंत्री म्हणून केले: १९७५चा मुंडकार कायदा आणि १९७६ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती. २० एप्रिल १९७६ हा दिवस त्या दुरुस्तीत ठरला. त्या दिवशी जो कसत होता तो मालक मानला जाणार. भाटकार न्यायालयात गेले, कायदा अडकला, आणि १९८४च्या घटनादुरुस्तीने तो नवव्या परिशिष्टात गेल्यावरच मार्ग मोकळा झाला. बापलेकीच्या या कामात ताईंचा वाटा लोक कमी धरतात. कुळाला खरे मालक केले ते ताईंच्या दुरुस्तीने, श्रेय मात्र बहुतेक वेळा भाऊंच्या तसबिरीला मिळते.

भाऊंना देव्हाऱ्यात बसवणाऱ्यांना एक गोष्ट विचारावीशी वाटते. भाटकाराची जमीन कुळाला देणाऱ्या या खाणमालक मुख्यमंत्र्याच्या काळात खाणींच्या कन्सेशनना हात का लागला नाही? शेतजमिनीचा प्रश्न त्यांना पोटातून कळला होता, डोंगराचा नाही. डिचोलीने दोन्ही गोष्टी भोगल्या. कुळाच्या नावावर शेत झाले आणि वरच्या खाणीचा गाळ त्याच शेतात आला.

परत मोपाला येऊ. पठारावरचा हा विमानतळ ११ डिसेंबर २०२२ला उद्घाटन होऊन ५ जानेवारी २०२३ला सुरू झाला. नाव कोणाचे द्यायचे यावर बरीच रस्सीखेच झाली. पेडण्याचा सुपुत्र म्हणून भाऊसाहेबांचे द्या, असे मगोवाले म्हणत होते. काहींना सिक्वेरांचे हवे होते. दिले गेले मनोहर पर्रीकर यांचे. पर्रीकर १७ मार्च २०१९ला वारले, तेही मुख्यमंत्रिपदावर असताना. त्यांना विसरायला लोकांना अजून वेळ लागेल, तेव्हा तूर्त पाटी आणि माणूस जुळलेले आहेत. बेनार्ड गेदिश यांच्याही बाबतीत पहिली सहा वर्षे तसेच होते, एवढेच म्हणतो. विमानतळासाठी पठारावरच्या ज्या जमिनी गेल्या त्यांत कसणाऱ्यांच्या आणि धनगर कुटुंबांच्याही होत्या. नुकसानभरपाई कोणाला, हा वाद उठला तेव्हा सरकारी टेबलावर पुन्हा भाऊंचा कूळ कायदाच उघडावा लागला.

पेडण्याला गेलात तर भाऊंचे नाव पाटीवर शोधू नका, एखाद्या शेतकऱ्याला त्याच्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा दाखवायला सांगा. त्यात मालकाचा रकाना असतो आणि कुळाचा वेगळा. कुळाच्या रकान्यातले नाव बहुधा आजोबांचे असेल. जमीन विकत घेतल्याची सनद मामलतदाराकडून निघाली का, तेही विचारा. २० एप्रिल १९७६ला मालक ठरलेल्या कितीतरी कुळांची ती सनद अजून निघायची आहे.